रिपर लावण्याआधी खडक बघा

हेल्परचा पोकलेन ऑपरेटर झालो तेव्हा वाटायचं, ब्रेकर म्हणजे ठोके मारून खडक फोडणारा हातोडा चालवतो तोच खरा ऑपरेटर. रिपर म्हणजे काय, बकेट काढून तिथे लावलेला एक मोठा दात! पुरंदरकडच्या एका शेततळ्यावर ही मस्ती उतरली. वरचा मुरूम बकेटने भराभर निघाला, खाली कच्चा खडक लागला आणि बकेटचे दात नुसते खरवडत बसले. चार-पाच दातांत वाटला जाणारा जोर रिपरमध्ये एकाच टोकावर येतो, म्हणून तो घुसतो. पण घुसायला फट हवी, आणि ती शोधणं हेच अर्धं काम.

आपला काळा पाषाण लाव्हाचा. थंड होताना त्याला भेगा पडल्या, त्यांत पाणी मुरून कडा कुजल्या. म्हणून बऱ्याच ठिकाणी कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे आणि मधे मुरूम अशी जमीन लागते. इथे रिपरसारखं दुसरं काही नाही. गोट्याच्या डोक्यावर टोक मारू नका. दोन गोट्यांमधल्या मुरमात ते रुतवा आणि बकेटचा सिलिंडर वापरून गोटा खालून उचकटा. एक बाजू आधी मोकळी करून घेतली तर खडकाला सुटायला जागा मिळते. एका दिशेने लादी सुटत नसेल तर मशीन फिरवून आडवं लागून बघा.

टोक घसरतंय, ठिणग्या उडतायत, दाबलं की मशीनच पुढून उचलली जातेय, म्हणजे खडक अखंड आहे. दोन-तीनदा बघा आणि शेतकऱ्याला सरळ सांगा, ‘दादा, इथे ब्रेकर लागेल.’ तास त्याचे चालू असतात. मला हे सांगायची लाज वाटली होती. टोक अडकलेलं असतानाच मी स्विंग मारून, म्हणजे मशीनचा वरचा भाग आडवा फिरवून, खडक हलवायला गेलो. कडकन आवाज आला, पिनेचा बूश, म्हणजे तिच्याभोवतीचं कडं, फुटलं, मशीन दोन दिवस उभी. मालक काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओढायचं ते सरळ आपल्याकडे. टोक जमिनीत असताना स्विंगला हात लावायचा नाही.

जेसीबीवर रिपर लावला तर जरा सांभाळून. वीस टनी पोकलेनचं वजन तिला नाही, ती साडेसात-आठ टनांची. मागचे दोन्ही जॅक घट्ट, पुढची बकेट जमिनीवर दाबलेली, तरच ओढा. नाहीतर खडक जागेवर राहतो आणि गाडी सरकते.

क्विक कपलर, म्हणजे बकेट-रिपर झटपट बदलायची जोडणी, नसेल तर दर तासाला बकेट-रिपर बदलत बसू नका. पूर्ण पट्टा आधी फोडून घ्या, मग एकदाच बकेट लावून भरा. टोक झिजून आतली शँक, म्हणजे टोक बसतं तो दांडा, घासायला लागायच्या आत टोक बदला. टोक स्वस्त, शँक महाग. आणि पिन घणाने ठोकताना डोळ्यांवर चष्मा लावा. लोखंडाची कपची कशी उडते ते आमच्या एका हेल्परला विचारा, नशीब त्याचं, भुवईवरच निभावलं.