पुस्तक मिटून अभ्यास करण्याची रीत

यावल तालुक्यातील आमच्या गावात रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर आठ-दहा मुले अभ्यासाला बसतात. काही दहावीची आहेत, काही पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करतात, आणि बहुतेक जण दिवसा घरच्या केळीत किंवा कपाशीत राबून आलेले असतात. त्यांची तक्रार वर्षानुवर्षे एकच आहे: ‘सर, वाचलेलं ध्यानात राहत नाही.’ गेल्या पावसाळ्यात अशीच तक्रार घेऊन दहावीची एक मुलगी आली. तिच्या इतिहासाच्या पुस्तकाचे पान न् पान पिवळ्या-गुलाबी रंगांनी रंगवलेले होते. मी तिला पुस्तक मिटायला सांगितले, हातात कोरा कागद दिला आणि नुकत्याच वाचलेल्या पानावर काय होते ते लिही, असे म्हणालो. तिने पाठाचे नाव लिहिले, एक सन लिहिला, तो खोडला आणि पेन खाली ठेवले. ते पान तिने त्याच संध्याकाळी चार वेळा वाचले होते.

तिच्या बुद्धीत काहीही उणे नव्हते. तिने मेहनत केली होती, पण ती सगळी आत घालण्याची होती. बाहेर काढण्याचा सराव तिने एकदाही केलेला नव्हता, आणि परीक्षेत तर बाहेरच काढावे लागते. पुढची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे. मात्र ती नीट पाळायची असेल, तर आपण विसरतो कशामुळे हे आधी समजून घ्यावे लागेल, कारण विसरण्याचे कारण बदलले की उपायही बदलतो.

ज्याला आपण विसरणे म्हणतो, त्यातले पुष्कळसे मुळात विसरणे नसतेच. ती गोष्ट आत गेलेलीच नसते. घराला कुलूप लावले की नाही, हे एस.टी.त बसल्यावर आठवत नाही, कारण कुलूप लावताना हात कुलपावर आणि मन बसच्या वेळेवर होते. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा साधारण सात घटकांची मानली होती, आणि पुढच्या संशोधनाने ती चारच्या आसपास आणली. दहा आकडी मोबाइल नंबर आपण सुटे आकडे न म्हणता ‘अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तेचाळीस’ असा जोड्यांनी म्हणतो, तेव्हा दहा घटकांचे पाच करून हीच अडचण सोडवत असतो. अभ्यासातही तेच करावे: पाठातले वीस मुद्दे वीस सुटे मुद्दे म्हणून धरू नयेत, त्यांचे चार गठ्ठे बांधावेत आणि प्रत्येक गठ्ठ्याला स्वतःच्या शब्दांत नाव द्यावे. आणि जवळ फोन ठेवू नये. प्रत्येक संदेशाबरोबर मनात धरलेले ते चार-पाच घटक निसटतात आणि मुलाला वाटते की आपली स्मरणशक्ती कमी आहे.

दुसरे कारण असे की आत गेलेली गोष्ट लगेच पक्की होत नाही. हे कळण्यासाठी एका माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागली. हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाच्या अपस्माराच्या झटक्यांवर इलाज म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पस या अवयवाचा मोठा भाग होता. झटके कमी झाले, पण नवीन घडलेली घटना त्याच्या लक्षात राहीनाशी झाली. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा आला, तर तो त्याला नवखाच वाटे. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याची ही स्थिती राहिली. तरीही ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला लावली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केले आहे याची मात्र त्याला आठवण नव्हती. यावरून दोन गोष्टी दिसल्या: हाताचे कौशल्य आणि घटनांची आठवण मेंदू वेगवेगळ्या वाटांनी सांभाळतो, आणि नवी आठवण टिकाऊ होण्यासाठी हिप्पोकॅम्पसचे काम लागते. या कामाचा मोठा भाग झोपेत होतो. जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्ये अवघ्या दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले होते की, पाठ केल्यावर झोपले तर तेवढ्याच वेळाच्या जागरणापेक्षा पुष्कळ कमी विसरले जाते. नंतरच्या संशोधनानेही झोपेचे हे महत्त्व दाखवून दिले आहे. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलाला पालकांनी चहा करून देऊ नये, अंथरूण घालून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गोष्ट आत असते, पण तिच्यापर्यंतची वाट सापडत नाही. आमच्याकडे अहिराणीत म्हणतात, ‘ध्यानमा शे, पन तोंडवर येस नही.’ एंडेल टल्विंग आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९६६ मध्ये विद्यार्थ्यांना गटागटांतले शब्द पाठ करायला दिले. ज्यांना नंतर केवळ गटांची नावे सांगितली, त्यांना इतरांपेक्षा पुष्कळ जास्त शब्द आठवले. म्हणजे न आठवलेले शब्द पुसले गेले नव्हते, त्यांना खूण हवी होती. मघाशी सांगितलेल्या गठ्ठ्यांच्या नावांचा खरा उपयोग इथे होतो, कारण तीच नावे परीक्षेत खुणेचे काम करतात.

चौथे कारण म्हणजे सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची आपापसांतली सरमिसळ. भरतीच्या मुलांना १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा आणि १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा हमखास गोंधळात टाकतात. अशा जोड्या वेगवेगळ्या दिवशी वाचून गोंधळ वाढतो. त्या एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात आणि केवळ फरक लिहावा: पहिलीत मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, दुसरीत प्रांतांमध्ये द्विदल राज्यपद्धती.

आता रीत सांगतो. पाठाचा एक भाग, फार तर दोन पाने, एकदा लक्ष देऊन वाचावा. पुस्तक मिटावे. ते उपडे न ठेवता उठून दुसरीकडे ठेवावे, कारण हाताशी असले की डोळा तिकडे जातोच. मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, क्रमाची आणि अक्षराची पर्वा न करता. काही सुचेनासे झाले की मुले लगेच पुस्तक उघडतात. तिथे थांबावे, आणखी दोन-तीन मिनिटे चाचपडावे. ही चाचपडण्याची मिनिटे वाया जात नाहीत, वाट मळते ती याच मिनिटांत. त्यानंतर पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले लाल पेनने त्याच कागदावर लिहावे. हा ताळा कधीही चुकवू नये, नाहीतर चुकीचेच पक्के होते. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्या लाल ओळींपासून करावी, पण पुन्हा पुस्तक मिटूनच.

त्या मुलीच्या पहिल्या कागदावर निळ्या शाईच्या तीन ओळी होत्या आणि बाकी पान लाल होते. ती रडवेली झाली. रंगवलेले पान वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा तिचा समज होता. तो मोडताना वाईट वाटणारच. तिसऱ्या दिवशी निम्मे पान निळे झाले. दहा दिवसांनी तिने त्याच पाठाचा कागद मला न विचारता आणून दाखवला, त्यावर लाल शाईचे दोनच शब्द होते. वाचण्याचा वेळ तिने वाढवला नव्हता.

हा केवळ माझ्या ओसरीवरचा अनुभव नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो थोडा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि आठवणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. पाच मिनिटांनंतरचा हा निकालच मुलांची फसगत करतो: वाचून उठल्याबरोबर सगळे येते, म्हणून वाचणे पुरेसे वाटते.

किती दिवसांनी पुन्हा आठवावे, हा पुढचा प्रश्न. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचे, ही त्यांची पद्धत. वीस मिनिटांनी श्रमांची बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि एका महिन्याने २१ टक्के. ‘माणूस एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो’ असे वाक्य यावरून सर्रास सांगितले जाते, पण ते आकडे अर्थहीन अक्षरांचे आहेत. समजून घेतलेला मजकूर इतक्या वेगाने जात नाही. त्यातून घ्यायचे ते एवढेच की घसरण सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर मंदावते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी आणि पुढचे अंतर वाढत जायला हवे. २००८ मधील एका मोठ्या प्रयोगात पहिल्या अभ्यासानंतर एकच उजळणी दिली होती. आठवड्याने परीक्षा असेल तर ती एका दिवसाने केलेली सर्वांत उपयोगी पडली, आणि परीक्षा जवळजवळ वर्षाने असेल तर सुमारे तीन आठवड्यांनी केलेली. माझी मुले दुसरा दिवस, चौथा दिवस, दहावा दिवस आणि मग महिना असे अंतर ठेवतात. पाठाच्या नावाशेजारी पुढची तारीख पेन्सिलने लिहिली की वेगळे वेळापत्रक लागत नाही.

इथे पाठांतराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हल्ली त्याला सरसकट नावे ठेवली जातात. जळगावच्या बाजारात पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेले म्हातारे व्यापारी मी पाहिले आहेत. साठ वर्षांनंतरही त्यांचा हिशेब अडत नसे. ते पाढे नुसत्या घोकण्याने टिकले नव्हते. गुरुजी मध्येच एखाद्याला उभे करून ‘सात दिडके?’ असे विचारत आणि पुढे रोजच्या व्यवहारात तोच प्रश्न गिऱ्हाईक विचारी. म्हणजे आयुष्यभर, अंतराअंतराने, न पाहता आठवणे घडत राहिले. हेच घरीही घडवता येते. आईला वाचता येत नसले तरी तिने पुस्तक हातात धरून मुलाला ‘आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग’ म्हणावे. समोरच्याला समजेल असे सांगताना आठवणेही होते आणि गठ्ठे बांधणेही.

पुढे करायचे काम विसरणे हा निराळा प्रकार आहे. रात्रीच्या विजेच्या पाळीत ठिबकचा व्हॉल्व बदलायचा मी दोनदा विसरलो आणि केळीचा अर्धा भाग कोरडा राहिला. काम मला ठाऊक होते. वेळेवर त्याची आठवण देणारे काही नव्हते. अशा कामाला ‘नंतर करीन’ असे न म्हणता ते घडणाऱ्याच एखाद्या गोष्टीला बांधावे: ‘जेवून हात धुतला की बॅटरी घेऊन व्हॉल्वकडे जाईन.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा नेमका संकल्प करणाऱ्यांची कामे पार पडण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. आता मी बॅटरी हात धुण्याच्या मोरीजवळच लटकवतो. पैशांचे आणि मालाचे व्यवहार मात्र कशालाही न बांधता सरळ लिहून ठेवावेत. आठवण ही प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना बदलते. किती क्विंटल कापूस उधार दिला यावर दोन प्रामाणिक माणसे दोन वेगळे आकडे शपथेवर सांगू शकतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे विसरणे या रीतीत बसवू नये. वयाबरोबर नावे उशिरा आठवतात, त्यात काळजीचे कारण नसते. पण तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारला जात असेल, रोजच्या वाटेवर चुकायला होत असेल किंवा सुट्या पैशांचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधे यांमुळेही असे होते आणि त्यांवर इलाज असतो.

माझ्या मायला शेवटच्या तीन वर्षांत सकाळचे जेवण झाल्याचे आठवत नसे. ‘आठवतं का?’ असे विचारले की ती गोंधळे आणि गप्प होई, म्हणून आम्ही तो प्रश्न विचारणेच बंद केले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अंगणातल्या निंबाला दोर बांधून झोका टाकला, तिला जवळ खाटेवर बसवले आणि माझ्या बहिणीने गाण्याची पहिली ओळ म्हटली, तर पुढची कडवी ती एकही शब्द न अडखळता म्हणे. लहानपणापासून दरवर्षी म्हटलेली गाणी विसरण्याच्या अशा आजारात पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे अशा माणसाशी बोलताना प्रश्नाने सुरुवात करू नये. पहिली ओळ आपण म्हणावी आणि पुढच्या ओळीसाठी थोडे थांबावे.