एचडी वॉलेटवर काम करायचंय? रिस्टोअरपासून सुरुवात करा

बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी सांभाळणाऱ्या वॉलेट सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं म्हणून जी मुलं-मुली आमच्याकडे येतात, त्यांना मी सुरुवातीला कोड लिहायला देत नाही. टेस्टनेटवरची (फक्त चाचणीसाठीच्या जाळ्यावरची) थोडी नाणी, बारा शब्दांचं एक सीड (ज्यातून नाणी खर्च करायच्या गुप्त संख्या, म्हणजे की, निघतात) आणि वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली तीन-चार वॉलेटं देतो. एकात नाणी घ्या, ॲप काढून टाका, तेच शब्द दुसऱ्या वॉलेटात घाला आणि नाणी दिसतात का बघा. पुष्कळदा शिल्लक शून्य दिसते. शब्द बरोबर, ॲपही चांगलं, तरी शून्य. हे शून्य कुठून आलं ते ज्याला शोधून काढता येतं, त्याच्याकडे एचडी वॉलेटचं, म्हणजे एकाच सीडमधून सगळ्या की काढणाऱ्या वॉलेटचं, काम द्यायला माझी हरकत नसते. की तयार करणं हा या कामाचा सोपा भाग आहे. मूळ ॲप कधीचं बंद पडलेलं असताना कागदावरच्या शब्दांतून पैसे परत मिळवून देणं, म्हणजे रिस्टोअर, हा अवघड भाग. शिकायची सुरुवातही त्याच टोकाकडून करावी असं माझं ठाम मत आहे.

ही एचडी पद्धत का आली ते आधी समजून घ्या. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रायव्हेट की स्वतंत्रपणे, रँडम तयार व्हायची. पुढे शंभर की आगाऊ बनवून ठेवायची सोय झाली, तिला कीपूल म्हणतात. आता एकरकमी आलेल्या दहा नाण्यांतलं एक तुम्ही कुणाला पाठवलंत, तर उरलेली नऊ जुन्या ॲड्रेसवर राहत नाहीत. ती चेंज म्हणून नव्या ॲड्रेसवर जातात, आणि त्या ॲड्रेसची की कीपूलमधून घेतली जाते. बॅकअपच्या वेळच्या शंभर की वापरून संपल्या, की पुढचा पैसा त्या बॅकअपमध्ये नसलेल्या कींवर जाऊ लागतो. माणसाला वाटतं बॅकअप आहे, आणि तो असतोही, फक्त अपुरा. यातून लोकांचे पैसे खरोखर बुडाले.

एकाच सीडमधून सगळ्या की काढाव्यात ही कल्पना ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०११ मध्ये मांडली. त्याच वर्षी थॉमस फेक्टलिन यांच्या इलेक्ट्रमने शब्दांच्या सीडवर चालणारं वॉलेट आणलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये पीटर वुइल यांनी बिप-३२ लिहिलं (बिप म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणेचा क्रमांक दिलेला प्रस्ताव) आणि झाडासारखी फांद्या फुटणारी रचना प्रमाण झाली.

बिप-३२ एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहून काढा. पायथॉनमध्ये दोनेकशे ओळींत होतं. सीडवर एचमॅक-शा-५१२ हे हॅश फंक्शन चालवलं की ६४ बाइट मिळतात: पहिले ३२ म्हणजे मास्टर प्रायव्हेट की, पुढचे ३२ म्हणजे चेन कोड. पुढच्या पायरीला पालकाची, म्हणजे वरच्या पातळीवरची, पब्लिक की (प्रायव्हेट कीवरून निघणारी, उघड करता येणारी जोडीदार की) आणि क्रमांक घेऊन, चेन कोड वापरून तेच फंक्शन पुन्हा चालवायचं आणि डावा अर्धा भाग पालकाच्या प्रायव्हेट कीमध्ये मिळवायचा. हार्डन्ड फांदीत पब्लिक कीच्या जागी प्रायव्हेट की घेतात, बाकी सगळं तेच. खऱ्या पैशांसाठी मात्र हा कोड कधीही वापरू नका, तिथे वर्षानुवर्षं तपासलेली लायब्ररीच हवी.

लिहून झालं की बिप-३२ मधल्या टेस्ट व्हेक्टरशी, म्हणजे उत्तरासकट दिलेल्या नमुन्यांशी, ताडून पाहा, आणि पहिल्या दोनांवर थांबू नका. तिसरा आणि चौथा व्हेक्टर नंतर जोडले गेले, त्यामागे कारण आहे. की ही ३२ बाइटची संख्या. तिचा पहिला बाइट शून्य निघाला तर काही लायब्रऱ्या तो गाळून ३१ बाइट पुढे देत होत्या, आणि तिथून खालची सगळी फांदी चुकीची तयार होत होती. सरासरी २५६ कींमागे एक अशी निघते. म्हणजे बहुतेक चाचण्या पास होणार, आणि एखाद्या माणसाचं सीड दुसऱ्या वॉलेटात उघडणारच नाही. नव्या माणसाला मी सांगतो, तुझी पास झालेली चाचणी यातलं काय पकडू शकत नाही ते आधी बघ.

एक्सपब, म्हणजे एखाद्या फांदीची विस्तारित पब्लिक की, ही एचडी वॉलेटची मोठी सोय. दुकानाच्या सर्व्हरवर फक्त एक्सपब ठेवली तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा ॲड्रेस देता येतो, खर्च करणारी की तिथे लागत नाही. पण वरची बेरीज आठवा. एक्सपबमध्ये पब्लिक की आणि चेन कोड दोन्ही असतात, म्हणून मिळवलेला भाग कुणालाही काढता येतो. त्या फांदीवरची साधी, हार्डन्ड नसलेली एक प्रायव्हेट की फुटली, तर तिच्यातून तो भाग वजा करून पालकाची प्रायव्हेट की मिळते, आणि मग अख्खी फांदी गेली. म्हणून ‘एकच की एक्सपोर्ट करा’ असं बटण मागणाऱ्या प्रॉडक्टवाल्यांशी वाद घालायची तयारी ठेवा. पैसे सुरक्षित असतानाही एक्सपब फुटली की त्या खात्याचे सगळे ॲड्रेस आणि व्यवहार उघडे पडतातच.

शब्दांचा भाग बिप-३९ मध्ये येतो, ते २०१३ चं. यादीत २०४८ शब्द, प्रत्येक शब्दाचे ११ बिट. बारा शब्दांत १२८ बिट रँडम आणि ४ बिट चेकसम, म्हणजे चूक पकडण्यासाठीचे. चोवीस शब्दांत २५६ आणि ८. चेकसम चारच बिटांचा असल्यामुळे बारातला एक शब्द चुकला तरी साधारण सोळात एकदा वॉलेट तक्रार न करता उघडतं, फक्त रिकामं. शब्दांच्या जोडीला स्वतः निवडून घालायचा पासफ्रेज (परवलीचा मजकूर) तर काहीही टाका, चूक असं कधी दाखवलंच जात नाही. शब्द किती दिसतात यापेक्षा ते कुठून आले हे महत्त्वाचं. लिबबिटकॉइन एक्सप्लोररच्या सीड बनवणाऱ्या कमांडमध्ये ३२ बिटांनी सुरू होणारा साधा रँडम जनरेटर होता. चोवीस शब्द दिसायला भक्कम, पण शक्यता सुमारे ४२९ कोटीच. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी अशा वॉलेटांमधून पैसे काढून घेतले.

इथे मराठी माणसाच्या कामाची एक गोष्ट सांगतो, कारण ती दुसरं कुणी तपासणार नाही. बिप-३९ च्या याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांत आहेत. मराठी किंवा हिंदी नाही. पासफ्रेज मात्र कुठल्याही लिपीत चालतो, आणि त्यावर एनएफकेडी हे युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) बंधनकारक आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ एक अक्षर म्हणून साठवता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता असा जोडून. एनएफकेडी केलं की दोन्ही एक होतात. पण तेच रूप ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर असंही टाइप होतं. पडद्यावर ते तसंच दिसतं, आणि एनएफकेडीनंतरही बाइट वेगळेच राहतात. म्हणजे कीबोर्ड बदलला की सीड बदललं, आणि समोर शून्य शिल्लक. देवनागरी पासफ्रेज घेऊ देणाऱ्या वॉलेटात ही चाचणी असलीच पाहिजे. वापरणाऱ्याला इशारा द्यायचा तर तो आपल्याच भाषेत, साध्या शब्दांत द्या.

त्या शून्याचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र पाथ, म्हणजे सीडपासून ॲड्रेसपर्यंतची झाडातली वाट. बिप-४४ ने पाच पातळ्या ठरवल्या: पर्पज, नाणं, खातं, चेंज आणि क्रमांक. बिटकॉइनचा नाणे-क्रमांक ०, टेस्टनेटचा १, इथरचा ६०. मग ॲड्रेसचे प्रकार वाढले तसे पर्पजही वाढले: ४९, ८४, टॅपरूटसाठी ८६. एकच सीड, पण ४४ ची झाडाची बाजू वेगळी आणि ८४ ची वेगळी. इथेरियमवर मेटामास्क हे वॉलेट पुढच्या ॲड्रेससाठी शेवटचा क्रमांक वाढवतं, तर लेजर या हार्डवेअर वॉलेटचं ॲप (आधीचं नाव लेजर लाइव्ह) खात्याचा क्रमांक वाढवतं. पहिला ॲड्रेस जुळतो, दुसरा जुळत नाही, आणि माणूस घाबरून जातो. बिप-३९ च्या शब्दांत पाथ किंवा आवृत्ती लिहिलेलीच नसते. इलेक्ट्रमने याच कारणाने स्वतःचा वेगळा सीड-प्रकार ठेवला, आणि बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर) आता डिस्क्रिप्टर वापरतं, ज्यात पाथ आणि ॲड्रेसचा प्रकार दोन्ही लिहिलेले असतात. मला डिस्क्रिप्टरची वाट जास्त प्रामाणिक वाटते.

गॅप लिमिट थोडक्यात. सलग २० न वापरलेले ॲड्रेस लागले की रिस्टोअर शोध थांबवतं. दुकानात पंचवीस जणांनी बिल काढून पैसे दिलेच नाहीत, तर सव्विसाव्याचे पैसे रिस्टोअरनंतर दिसणार नाहीत. मर्यादा वाढवायची सोय ठेवा.

आता चालू असलेलं जुनं सॉफ्टवेअर एचडीवर नेणं. आमचा सर्वाधिक वेळ इथे गेला आणि नोकरीतही तुमच्या वाट्याला हेच येईल. बिटकॉइन कोअरने ऑगस्ट २०१६ च्या ०.१३.० आवृत्तीत एचडी आणलं, तेही फक्त नव्याने तयार होणाऱ्या वॉलेटांना; जुनी तशीच चालू ठेवली. हा संयम शिकण्यासारखा आहे. जुन्या रँडम की नव्या सीडमधून कधीही निघणार नाहीत, आणि बाहेरून इम्पोर्ट केलेल्याही नाहीत. सगळी शिल्लक एका व्यवहारात नव्या ॲड्रेसवर हलवावी असं सुचवणारे भेटतात. त्यात फी लागते, शिवाय वेगवेगळे ठेवलेले ॲड्रेस एकाच माणसाचे आहेत हे ब्लॉकचेनवर कायमचं जाहीर होतं. हा निर्णय वापरणाऱ्याचा असू द्या. जुन्या कींवर एक पैसाही शिल्लक असेपर्यंत ‘हे बारा शब्द म्हणजे तुमचा पूर्ण बॅकअप’ हे वाक्य स्क्रीनवर येता कामा नये. जुन्या ॲड्रेसवर कुणी वर्षभराने पैसे पाठवू शकतं, म्हणून जुन्या की पुसायच्या नाहीत. आणि फाइलची आवृत्ती वाढवा, म्हणजे जुनं ॲप नवी फाइल अर्धवट समजून उघडण्याऐवजी सरळ नकार देईल.

काम मिळवायचं असेल तर एखाद्या ओपन सोर्स वॉलेटात रिस्टोअरच्या चाचण्या लिहून पाठवा. नवी फीचर्स लिहायला सगळेच तयार असतात, असल्या चाचण्यांना माणसं कमी पडतात. एक ज्ञात सीड, त्याचा पाथ, ॲड्रेसचा प्रकार, अपेक्षित पहिले काही ॲड्रेस आणि वॉलेट कधी सुरू झालं ती तारीख, एवढं एका फाइलमध्ये लिहा. तारीख असली की ब्लॉकचेन पहिल्यापासून चाळावी लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या वॉलेटाने काढलेले ॲड्रेस तुमच्या कोडशी जुळतात का ते प्रत्येक बिल्डला तपासा.