लॅच ओढण्याआधी

सकाळच्या घाईत काही आठवेल यावर मुंबईत तरी विसंबून राहू नये. आठ बाराची लोकल पकडायची असते, नळाचं पाणी जायची वेळ झालेली असते, कुकरची एक शिट्टी बाकी असते, मुलाचा एक मोजा सापडत नसतो आणि नेमका तेव्हाच इस्त्रीवाला बेल वाजवतो. म्हणून घरातून निघण्याआधीची ही यादी सकाळपासून नाही, आदल्या रात्रीपासून सुरू होते. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जे न्यायचं ते दार उघडण्याआधी हातात आलेलं असावं आणि जे बंद करायचं ते दार उघडण्याआधी बंद झालेलं असावं. दार ओढून घेतलं की डोकं जिन्यात नसतं, थेट प्लॅटफॉर्मवर पोचलेलं असतं.

मुख्य काम उरकलं की त्याच्या मागे राहिलेलं छोटं काम निसटतं, ही माणसाच्या डोक्याची जुनीच खोड. झेरॉक्सच्या दुकानात प्रती हातात येतात आणि मूळ आधार कार्ड काचेखाली राहतं. बर्न आणि बोव्हेर या अभ्यासकांनी १९९७ साली नेमक्या याच प्रकारच्या चुकीवर शोधनिबंध लिहिला. बऱ्याच एटीएममध्ये आधी कार्ड ओढून घ्यावं लागतं आणि मगच नोटा बाहेर येतात, ते याच कारणासाठी; पैसे आधी मिळाले तर कार्ड तिथेच राहतं. घरातही तोच क्रम लावायचा. किल्ली आधी हातात, दाराची कडी मग.

रात्री जेवणं आटोपली की पाच मिनिटं बॅगेला द्यावीत. सगळ्यात जास्त वस्तू राहतात त्या बॅग बदलल्यामुळे. लग्नाला नेलेल्या पर्समध्ये चष्मा राहतो, पावसाळी सॅकमध्ये पास राहतो आणि ऑफिसच्या बॅगेत मात्र लग्नातली पेढ्याची पुडी निघते. यावर चेन असलेलं एक छोटं पाकीट पुरतं. त्यात रेल्वेचा पास आणि त्याचं ओळखपत्र, ऑफिसचं कार्ड, रोजच्या गोळ्यांची एक पट्टी, थोड्या नोटा आणि सुटे. बॅग कुठलीही असो, हे पाकीट उचलून तिच्यात टाकायचं. घराची किल्ली मात्र यात नको. ओळखपत्रावर पत्ता असतो, आणि पत्ता नि किल्ली एकत्र हरवली तर कुलूपच बदलून घ्यावं लागतं.

सुट्यांचं महत्त्व फोनवरून पैसे द्यायला लागल्यापासून लोक विसरले आहेत. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालंय. तीस रुपये पुढे केले की चार रुपयांचा तंटा ठरलेलाच, आणि फोनवर पैसे घ्यायला रिक्षावाला तयार असला तरी महिन्यातून एखाद्या दिवशी आपली बॅटरी तयार नसते. तिकीट फोनवर काढणाऱ्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. फोन बंद म्हणजे तिकीट नाही, आणि विनातिकिटाचा दंड भाड्याशिवाय किमान २५० रुपये आहे. शिवाय मोबाईलवरचं कागदविरहित तिकीट स्टेशनाच्या आवारात उभं राहून निघत नाही, ते बाहेरच काढावं लागतं. त्यामुळे चार्जर रात्री लावणं आणि लावल्यावर बटण खरंच चालू आहे का ते बघणं, ही दोन वेगळी कामं धरावीत.

डबा सकाळीच भरायचा असला तरी रिकामा डबा, चमचा आणि नॅपकिन रात्री ओट्यावर निघालेले असावेत. फ्रिजमधून काही न्यायचं असेल, दही, इन्सुलिन, कोणाच्या वाढदिवसाचा केक, तर फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावू नका. पासाचं पाकीटच फ्रिजमध्ये त्या वाटीला टेकवून ठेवा. पासाशिवाय निघता येत नाही, तो घ्यायला गेलात की दही हातात येतंच. घरातल्यांना मात्र हे आधी सांगून ठेवावं. आमच्या सासूबाईंना पहाटे दूध काढताना फ्रिजमध्ये रेल्वेचा पास दिसला तेव्हा त्यांनी तो काळजीने देवघरात नेऊन ठेवला होता.

दारामागे चिकटवलेली कायमची यादी मला फारशी पटत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती वाचली जाते, मग तिच्याकडे कॅलेंडरवरच्या मागच्या महिन्याइतकंच लक्ष जातं. चिठ्ठी लावायचीच तर फक्त उद्याच्या वेगळ्या गोष्टीची लावा, म्हणजे पीटीचे पांढरे बूट, सोसायटीचा चेक किंवा रक्ताचा रिपोर्ट, आणि ती थेट लॅचच्या मुठीवर. संध्याकाळी घरी आलात की फाडून टाका, नाहीतर तीही जुनी होते.

डोक्यावर भार न टाकता वस्तूवरच खूण करायची पद्धत या शहराला नवी नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबेवाल्यांचं काम सुरू केलं. कुठला डबा कुठल्या स्टेशनावर उतरायचा आणि कुठल्या इमारतीत जायचा, हे आजही झाकणावरच्या रंगीत खुणा नि आकड्यांवरून कळतं, कोणी पाठ केलेलं नसतं. घरात चार काळ्या छत्र्या असतील तर आपल्या छत्रीच्या दांड्याला नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. मुलाच्या पाण्याच्या बाटलीला, डब्याला, रेनकोटच्या टोपीला त्याच रंगाचा ठिपका. मुलाला वाचता येत नसलं तरी ‘आपले तीन ठिपके’ मोजता येतात.

आता दाराजवळची गोष्ट. शू-रॅकच्या वर एक खुंटी आणि एक उथळ ताटली एवढंच पुरे. किल्ली खुंटीला, बाकी ताटलीत. घरात शिरल्यावर चपला काढतानाच किल्ली खुंटीला गेली तरच सकाळी ती तिथे असेल; हातातली भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायला म्हणून किल्लीसकट आत गेलात की ती कोथिंबिरीखाली सापडते. ताटलीत कुरिअरच्या पावत्या, रबरबँड आणि बंद पडलेली पेनं साठू देऊ नयेत. आमच्याकडे साठतात, मग रविवारी काढायच्या.

निघायच्या आधीचा फेरा आतून बाहेर मारावा आणि रोज त्याच क्रमाने. मोरी किंवा बाथरूम, स्वयंपाकघर, खिडक्या, दार. बाथरूममध्ये गिझरचं बटण आणि नळ. मुंबईत नळाची भानगड इतर शहरांपेक्षा जास्त, कारण बऱ्याच वस्त्यांना आणि सोसायट्यांना पाणी ठरलेल्या वेळीच येतं. पाणी गेलेलं असताना कोणीतरी नळ फिरवतं, थेंब येत नाही म्हणून तसाच सोडतं आणि निघून जातं. संध्याकाळी पाणी येतं तेव्हा घराला कुलूप असतं. पाणी दाराबाहेर आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून झिरपेपर्यंत कोणाला कळत नाही. त्यामुळे कोरडा नळही हाताने घट्ट करून बघायचा, नुसता डोळ्यांनी नाही. बादली भरायला लावलेली नळी काढून ठेवायची.

स्वयंपाकघरात गॅस दोन ठिकाणी बंद करायचा. शेगडीची बटणं, आणि सिलिंडर असेल तर रेग्युलेटर, पाइपचा गॅस असेल तर भिंतीजवळचा नॉब. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो फोनमध्ये तर असावाच, पण घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ओट्याजवळच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांतही असावा. इस्त्रीचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून वायर इस्त्रीभोवती गुंडाळायची. मग दुपारी ऑफिसात शंका आलीच तर हाताला ती वायर गुंडाळल्याचं आठवतं.

हा फेरा मारताना बोटाने दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. गॅस बंद. नळ बंद. गिझर बंद. शेजारी हसतील, हसू देत. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट करून तो मोठ्याने उच्चारतात. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात घेतलेल्या चाचणीत अशा पद्धतीने साध्या कामातल्या चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडेही लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना ओरडून सांगतात. घरात दोघं असतील तर एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ‘हो’ म्हणण्याआधी स्वतः बघायचं. न बघता दिलेल्या ‘हो’ला अर्थ नाही.

दारात उभं असताना कोणाशी बोलू नये. निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ विचारू नये, मागून हाक मारू नये, असं जुनी माणसं सांगायची. त्यातल्या शकुनाचं सोडा, पण अर्ध्यावर तुटलेला फेरा पुन्हा जिथे तुटला तिथून सुरू होत नाही, पुढूनच कुठूनतरी सुरू होतो. फोन वाजला, वॉचमन आला, मुलाने काही मागितलं, की सरळ पहिल्यापासून. काही राहिलं म्हणून परत आलेल्याला दोन मिनिटं बसवून, पाणी पाजून मग निघायला सांगतात, तेही मला आवडतं. धापा टाकत परत आलेला माणूस पास उचलतो आणि छत्री ठेवून जातो.

दार ओढल्यावर आपोआप बंद होणारा लॅच असेल तर किल्ली हाताच्या मुठीत दिसल्याशिवाय दार ओढायचं नाही. खिशात आहे असं वाटणं चालत नाही. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला, दूध घ्यायला, लिफ्टपर्यंत पाहुण्यांना सोडायला जातानासुद्धा. दुसरी किल्ली शेजारी द्यावी. चाळीत ही गोष्ट सांगावी लागत नसे. ब्लॉक संस्कृतीत मुद्दाम एक घर निवडावं लागतं, शक्यतो ज्यांच्याकडे दुपारी कोणीतरी असतं असं.

एवढं करूनही कुर्ल्याच्या पुढे गाडी गेली की पोटात गोळा येतो: गॅस बंद केला का? अशा वेळी ती शेजारची किल्ली कामाला येते. काहीजण रोज नॉबचा फोटो काढून ठेवतात. मला तो रोजचा नको वाटतो, कारण कालचा फोटो आजचा वाटायला वेळ लागत नाही. आठवडाभर बाहेर जायचं असेल तेव्हा जरूर काढावा.

गाडीतून उतरणं हेही एक निघणंच आहे. रॅकवर एकच बॅग ठेवावी, छत्री आणि डब्याची पिशवी वेगळी टांगू नये. राहिलीच तर ताबडतोब १३९ वर कळवावं किंवा स्टेशनवर रेल्वे पोलिसांना गाठावं, आणि सांगताना गाडी किती वाजताची, कुठून कुठे, स्लो की फास्ट आणि डबा कुठला हे सांगावं. लोकल शेवटच्या स्टेशनावर पोचली की थोड्याच वेळात दुसऱ्या फेरीला उलटी निघते, म्हणून उशीर करू नये. हरवलेलं सामान परत करण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन अमानत’ ही मोहीम आहे.

जून ते सप्टेंबरच्या यादीत छत्री तर आहेच, पण समुद्राकडच्या खिडक्या, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे आणि खिडकीखालचं एक्स्टेन्शन बोर्डही आहे. बॅगेत एक कोरडा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत फोनचा चार्जर आणि दोन दिवसांची औषधं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सकाळी नेहमीसारखी निघालेली माणसं रात्री घरी पोचलीच नाहीत. रक्तदाबाच्या दोन गोळ्या बॅगेत असण्याचं मोल त्या रात्री अनेकांना कळलं.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची यादी मात्र वेगळीच. घर आठ-दहा दिवस बंद, तेही भर पावसात. फ्रिजमधलं उरलेलं दूध आणि चिरलेली भाजी संपवायची, पेपर बंद सांगायचा, घराकडे येणारा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवायचा, तुळस शेजारच्या गॅलरीत द्यायची, बादल्या पालथ्या घालायच्या म्हणजे डास होणार नाहीत. आणि गावच्या घराची किल्ली. मुंबईच्या घराची सतरा वेळा तपासणारे लोक ती लोखंडी लांब किल्ली कपाटात विसरून पनवेलपर्यंत गेलेले आहेत. ती तिकिटाच्या कागदासोबत आठवडाभर आधीच बांधून ठेवावी, किंवा सरळ गावच्या शेजाऱ्यांकडेच एक ठेवावी. दूधवाल्याला बंद सांगताना पुन्हा कधीपासून टाकायचं तेही सांगून निघा. परतीच्या गाड्या रात्री-बेरात्री पोचतात आणि सकाळी चहाला दूध लागतंच.