जुन्या ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर कसा उतरवायचा (घण न मारता)

लोडर (पुढची माती उचलायची बकेट आणि तिचा सांगाडा) लावलेला ट्रॅक्टर चिखलणीला नेलात तर पुढची चाकं रुतलीच म्हणून समजा, मग त्याला ओढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्यामुळे सरद (पावसाळी) शेतीच्या आधी लोडर उतरवायलाच लागतो. पण आपल्याकडे सगळ्यांना हे आठवतं पहिला पाऊस पडून अंगणाचा राडा झाल्यावर. मे महिन्यात, जमीन कडक असताना हे काम उरका. आणि "चार गडी बोलव, एक घण आण, अर्ध्या तासात खाली" असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

मी सांगतोय ते जुन्या पद्धतीच्या लोडरबद्दल, म्हणजे चासीला बोल्ट केलेले दोन खांब, खांबांच्या डोक्यावर दोन मोठ्या पिनांवर आर्म (बकेट धरणारे लांब हात), आणि खाली लिफ्ट सिलिंडरच्या (आर्म उचलणाऱ्या हायड्रॉलिक नळकांड्यांच्या) दोन पिना. नवीन लोडरला स्वतःचे स्टँड असतात, ते त्यांच्या पुस्तकाप्रमाणे काढा.

जागा सपाट आणि कडक पाहिजे, सिमेंटचं खळं किंवा उघडा कातळ. हँडब्रेक, गिअर, मागच्या टायरांना दोन्हीकडून गुटके. पिना गंजल्या असतील (इथे गोव्यात पेडण्याकडे खाऱ्या वाऱ्यात गंजतातच) तर आदल्या रात्री डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा. मागे वजन लावलेलं असेल तर ते आता काढू नका, सगळ्यात शेवटी.

बकेट काढायची नाही! "बकेट काढली की हलकं होतं" असं लोक सांगतात, अरे पण उतरवल्यावर लोडर पुढून त्या बकेटवरच उभा राहतो. बकेट जमिनीवर सपाट टेकवा, इंजिन बंद करा, चावी स्वतःच्या खिशात. मग इंजिन बंद असतानाच दोन्ही लिव्हर सगळ्या बाजूंना चार-पाच वेळा हलवा म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं. कुठे गळतंय का बघायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीच्या आत शिरतं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखत पण नाही फारसं, आणि आतून बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावत बसू नका, त्याच वेळी थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) गाठा आणि हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

लिफ्ट सिलिंडर आधी दोरीने आर्मला बांधा, मग त्याची खालची पिन काढा. न बांधता काढली तर सिलिंडर लोंबकळत खाली येतो आणि बोटं नेमकी तिथेच असतात.

आता खरं काम, आर्मच्या वरच्या दोन पिना. मला सुरुवातीला इथेच सगळ्यात जास्त घाम फुटायचा. स्प्लिट पिन काढली, ग्रीस दिसतंय, गंज नाही, तरी पिन हलत नाही. आणि इथेच माणूस घण उचलतो. नका उचलू. पिन हलत नाही कारण लोडरचं वजन अजून तिच्यावर आहे. घण मारून ती निघाली तर तीन-चारशे किलोचा सांगाडा त्याच क्षणाला खाली बसतो, नाही निघाली तर पिनचं तोंड फुलतं आणि मग ती बुशातून (पिन बसते त्या नळीतून) कधीच सरळ निघत नाही, गॅसने कापावी लागते.

म्हणून दोन्ही बाजूंना, खांबाच्या जवळ, आर्मखाली एकेक बाटली जॅक लावा आणि थोडा थोडा चढवा. थोडा म्हणजे हँडलचा अर्धा फटका, मग पिनला पाना लावून फिरवून बघा. परत अर्धा. परत फिरवून बघा. जॅक कमी असेल तर पिन वरून आवळलेली असते आणि जास्त झाला तर तीच पिन खालून आवळली जाते, हातात दोन्ही सारखंच लागतं, आणि लोक घट्ट लागलं की अजून चढवतात, अजून चढवतात, शेवटी ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं तरी पिन तशीच. घट्ट वाटली तर एकदा जॅक किंचित सोडून पण बघा. मधे कुठेतरी एक जागा असते जिथे पिन हाताने गरगर फिरते, ती सापडेपर्यंत बाहेर ओढायचा विचार करू नका.

आणि एक बाजू सैल झाली की लगेच उपटायची नाही. एक पिन निघाली की सांगाडा पिळतो, पुढच्या टायरवरचा भार बदलतो, ट्रॅक्टर कणभर वर येतो, आणि दुसरी पिन अशी आवळते की विचारू नका. दोन्ही पिना हाताने फिरायला लागल्या की जॅकच्या शेजारी लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचून आर्मच्या पोटाला टेकवा, आणि मगच पिना काढा. भार नुसत्या जॅकवर ठेवायचा नाही.

ठोकळे म्हणजे लाकूडच. गोव्यात आधाराला काही पाहिजे म्हटलं की हात पहिला चिऱ्याकडे (जांभ्या दगडाकडे) जातो. चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे भार पसरून येतो. आर्मची कड एका ठिकाणी रुतली की तो न करकरता दुभंगतो. जुन्या घराच्या तुळईचे चौकोनी तुकडे मिळाले तर उत्तम, माडाचे गोल ओंडके नकोत. आणि आंब्याच्या फांदीला चेनपुली लावून लोडर लटकवायची आयडिया ज्याने काढली त्याने आधी स्वतः खाली उभं राहून दाखवावं.

पुढचं सोपं आहे. होज पाइप सोडा, तोंडं बंद करा, कुठला कुठे ते रंगाने खूण करा. पण लोडरचा व्हॉल्व्ह (लिव्हर बसवलेला ठोकळा) ट्रॅक्टरवर राहतोय की लोडरबरोबर जातोय हे बघा. राहत असेल तर काळजी नाही. जात असेल तर पंपाचा प्रेशर पाइप रिटर्नला (ऑइल टाकीत परत नेणाऱ्या पाइपाला) जोडल्याशिवाय इंजिन चालू करू नका, प्रेशरला बूच मारून स्टार्ट केलात तर पंप किंवा पाइप, दोघांपैकी एक जाणार.

मग ट्रॅक्टर सरळ, क्रॉलरमध्ये (सगळ्यात हळू गिअरमध्ये), मागे घ्या. बघणारा माणूस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा. आर्म आणि टायरच्या मधे कोणी नाही, कुत्रा पण नाही.

आता मागचं वजन काढा, नाहीतर चढावर नाक हलकं होऊन उचलतं. लोडरसाठी पुढच्या टायरात जास्त हवा भरली असेल तर ती कमी करा, खांबांचे बोल्ट आवळा. पिना त्यांच्या त्यांच्या भोकात परत घालून ठेवा, सिलिंडरच्या चकचकीत दांड्याला जाड ग्रीस फासा कारण चार महिन्यांच्या दमट हवेत तिथे गंजाचे खड्डे पडले की पुढे सील फाटणारच. लोडर सावलीत झाकून ठेवा. उन्हात राहिला तर पाइपात अडकलेलं ऑइल फुगतं आणि चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) जोडायला गेलात की कपलिंग काही केल्या बसत नाही.