अवकाश या विषयावर मुलांचे वाचन-सत्र कसे घ्यावे

ग्रंथालयाच्या बालविभागात अवकाशावरचे सत्र ठरले की थर्माकोलचे गोळे, चमकी आणि प्रोजेक्टर यांची जमवाजमव सुरू होते, आणि पुस्तकांचा विचार आदल्या दिवशी संध्याकाळी होतो. गेली अनेक वर्षे मी अशी सत्रे घेत आले आहे आणि या क्रमाला माझा ठाम विरोध आहे. हे वाचनाचे सत्र आहे. ते जमले की नाही हे त्या दिवशी देवघेवीच्या टेबलावरून किती पुस्तके मुलांच्या घरी गेली यावरूनच ठरवावे.

२३ ऑगस्ट ही तारीख सोयीची आहे. २०२३ साली त्या दिवशी चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले आणि तेव्हापासून हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. मात्र ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ भरलेले असते. म्हणून सूचनाफलकावर ‘ताऱ्यांचे दर्शन’ असे लिहून मुलांना आशेला लावू नये. तारे दाखवायचेच असतील तर सत्र डिसेंबर-जानेवारीत ठेवावे, म्हणजे संध्याकाळी पूर्वेला मृग आणि त्याच्या वर कृत्तिका दाखवून मुलांना घरी पाठवता येते.

सतरंज्या, नावनोंदणी, पालकांना निरोप ही कामे नेहमीप्रमाणे करावीत. सात ते अकरा वयोगटातली वीस मुले आणि सव्वा तास एवढे पुरे.

पुस्तके काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तके लावण्याची पद्धत, असलेल्या ग्रंथालयात ग्रहताऱ्यांची पुस्तके ५२० च्या वर्गात, तर अग्निबाण आणि अवकाशयानांची ६२९.४ मध्ये, म्हणजे वेगळ्याच कपाटात असतात. दोन्हीकडची आणावीत आणि कथाही आणाव्यात. जुन्या पुस्तकांत नऊ ग्रह सापडतील, कारण प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळले गेले. अशी पुस्तके लपवून ठेवणे मला पटत नाही. शीर्षकपानामागचे प्रकाशनवर्ष मुलांना शोधायला लावावे. पुस्तकालाही वय असते हे त्यांना तिथे कळते आणि पुढे ती स्वतःहून ते पान उलटून पाहू लागतात.

आता खरे अवघड काम, म्हणजे प्रकट वाचन. सुरुवातीच्या वर्षांत मी इथेच अडखळत होते. एकदा वाचन सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नसतील तेव्हा एका मुलाने कृष्णविवराविषयी विचारले, मी उत्साहाने समजावू लागले, त्यातून दुसरा प्रश्न निघाला, मग तिसरा, आणि भानावर आले तेव्हा वीस मिनिटे उलटून गेली होती व पुस्तक सतरंजीवर पालथे पडले होते. मुले खूश होती, पण त्या दिवशी एकही पुस्तक घरी गेले नाही, कारण उत्तरे बाईंकडे असतात, पुस्तकात नव्हे, असेच मी त्यांना नकळत शिकवले होते. पुढच्या वेळी मी ‘प्रश्न शेवटी विचारा’ असे बजावले, तर मुले गप्प झाली आणि शेवटी विचारायला कुणाकडे काही उरलेच नाही. वाचताना मुलांना सतत बोलते ठेवावे, हा सर्रास दिला जाणारा सल्ला या विषयापुरता तरी चुकीचा आहे, असे मी अनुभवाने सांगते.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती आजवर सोडलेली नाही. दहा-बारा मिनिटांत वाचून होईल एवढाच मजकूर निवडावा, तो घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचावा आणि त्यात पेन्सिलीने तीनच थांबे आखून ठेवावेत. वाचन सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या हाती एक कोरी चिठ्ठी द्यावी. थांब्यावर दोन मिनिटे मिळतील, मनात आलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहावा, लिहिता येत नसेल तर शेजारच्या ताईला सांगावा, पण त्याचे उत्तर त्या क्षणी कुणीही द्यायचे नाही, मीसुद्धा नाही. हा शेवटचा नियम पाळणे मोठ्यांनाच जड जाते. मदतीला आलेल्या पालकांना तो आधीच बाजूला घेऊन सांगावा.

पहिला थांबा अंतराचा असावा. तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल मध्ये ठेवावा, एका मुलाच्या हातात साधारण आठ सेंटिमीटरची मोसंबी द्यावी आणि हा चंद्र योग्य जागी नेऊन धर, असे सांगावे. बहुतेक मुले ती गोलापासून हातभर अंतरावर धरतात. मग आधीच मोजून ठेवलेली नऊ मीटरची सुतळी सोडावी. ती ताणत ताणत मूल बालविभागाच्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकपाशी जाऊन उभे राहते आणि तिथून वळून आपल्याकडे बघते, तेव्हा खोलीत जी शांतता पसरते तिच्यासाठी मी दरवर्षी हे करते. पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे तीसपट दूर चंद्र आहे. याच मापाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, जे सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरते, ते गोलाच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरही लांब नसते. यापुढे एक शब्दही न बोलता पुस्तक उचलून पुढचे वाक्य वाचावे. १४ जुलैला निघालेले यान २३ ऑगस्टला का पोहोचले, हा प्रश्न मग आपोआप चिठ्ठ्यांवर उतरतो.

वाचन संपल्यावर तीन चिठ्ठ्या काढाव्यात आणि त्यांची उत्तरे कपाटातून शोधावीत. अनुक्रमणिका कशी पाहायची हे इथे दाखवावे. मराठी विश्वकोशाचे खंड हाताशी असतील तर तेही दाखवावेत. शाळेत पाठ केलेला वर्णक्रम इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो आणि खंडांच्या कण्यांवरून बोट फिरवत ‘क, ख, ग, घ’ पुटपुटणारे मूल पाहण्यासारखे असते.

एक प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी ठेवावी. ‘माझ्या पत्रिकेत मंगळ आहे असे आजी म्हणते, मग तिथे यान कसे गेले?’ असे एका मुलीने चिठ्ठीवर लिहिले होते. इथे हसू नये, आणि आजीला खोटे पाडण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. मूल आजीची बाजू घेईल आणि पुस्तकाला कायमचे दुरावेल. मंगळ हा ग्रह आहे, आपले यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच्या कक्षेत पोहोचले, एवढे सांगून ते पान तिच्यासमोर उघडावे. राहू-केतू विचारले तर चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते हे दोन बिंदू, असे दोन सुतळ्यांनी दाखवता येते. ग्रहणे या बिंदूंच्या जवळपासच होतात हे कळले की मुलांना फार आनंद होतो.

फुगा, नळी आणि दोऱ्याचा अग्निबाण शेवटी उडवावा. तो वाचनाआधी काढला तर त्यानंतर कुणीही खाली बसत नाही.

शेवटचा थांबा मात्र गोष्ट संपण्याआधीच घ्यावा आणि पुस्तक तिथेच मिटावे. उरलेला भाग वाचून दाखवण्याचा कितीही आग्रह झाला तरी बधू नये. त्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती असतील तर त्या देवघेवीच्या टेबलावर ठेवाव्यात. एकच असेल तर कोरा कागद घेऊन प्रतीक्षायादी सुरू करावी, नावे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावीत, आणि पुस्तक परत येईल तसतसा पुढच्या मुलाच्या घरी न चुकता फोन करावा.