पेरॉक्साइड सेन्सरवर काम सुरू करताय? आधी करंट कशाचा ते ओळखायला शिका

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात बहुतेकदा पहिलं काम पडतं ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सेन्सरचं. काही जणांना ते जुनं, चघळून झालेलं वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज, लॅक्टेट ऑक्सिडेज, कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज या सगळ्या एन्झाइमच्या अभिक्रियेत शेवटी पेरॉक्साइडच तयार होतं. ते नीट मोजता आलं की पुढची बरीच दारं उघडतात.

प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचं थेट ऑक्सिडेशन करून मोजायचं तर साधारण +0.6 व्होल्ट लावावे लागतात. तिथे व्हिटॅमिन सी आणि युरिक ॲसिडही जळतात, त्यामुळे करंट कुणाचा हेच कळत नाही. म्हणून हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं एचआरपी, हे एन्झाइम वापरतात. पेरॉक्साइड त्याच्या हीममधून, म्हणजे मधोमध लोह असलेल्या गटातून, दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि ते परत देण्याचं काम इलेक्ट्रोड करतो, सहसा हायड्रोक्विनोनसारख्या मेडिएटरमार्फत, म्हणजे इलेक्ट्रॉनची ने-आण करणाऱ्या रेणूमार्फत. हे सगळं शून्याच्या आसपास किंवा थोड्या ऋण पोटेन्शियलला घडतं.

सुरुवातीचे कित्येक दिवस ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड घासण्यातच जातील. 1, 0.3 आणि 0.05 मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना, ओलं पॅड, इंग्रजी आठच्या आकारात हात फिरवायचा, मग सोनिकेशन, म्हणजे अल्ट्रासाउंडने धुणं. झालं की फेरिसायनाइडमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमोग्राम, म्हणजे पोटेन्शियल पुढे-मागे फिरवून घेतलेला करंटचा आलेख) काढा. दोन पीकमधलं अंतर सिद्धांतानुसार 59 मिलिव्होल्ट हवं. 70-80 आलं तरी चालतं, शंभराच्या वर गेलं तर परत घासा. या कामाचा कंटाळा करू नका. खराब पृष्ठभागावर कितीही महागडं नॅनोमटेरियल चढवलं तरी दुसऱ्या दिवशी तोच आकडा परत येत नाही.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर 30 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे 9.8 मोलर. पण उघडलेली बाटली हळूहळू विघटित होत असते, आणि लेबलवरच्या आकड्यावर बांधलेला कॅलिब्रेशन कर्व्ह मुळातच डळमळीत असतो. माझा आग्रह आहे की स्टॉक रोज मोजावा. हजारपट पातळ करा, क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये भरा आणि 240 नॅनोमीटरला शोषण घ्या. मोलर शोषणांक 43.6 धरला तर ताज्या बाटलीसाठी साधारण 0.43 यायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मुद्द्याचं. अँपेरोमेट्रीत, म्हणजे पोटेन्शियल स्थिर ठेवून करंट मोजताना, बॅकग्राउंड स्थिरावू द्या, द्रावण ढवळत ठेवा, मग काही मायक्रोलिटर पेरॉक्साइड सोडा. स्क्रीनवर रेषा झपकन सरकते आणि काही सेकंदांत सपाट होते, जिन्याच्या पायरीसारखी. ही पायरी पाहून फार आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण ती एन्झाइममुळेच आली, हे अजून ठरलेलं नसतं. ऋण पोटेन्शियलला विरघळलेला ऑक्सिजनही करंट देतो, म्हणून नायट्रोजन सोडून तो घालवावा लागतो. धातूचे नॅनोकण स्वतःच पेरॉक्साइडचं क्षपण (रिडक्शन) करतात. म्हणून तेच थर चढवलेला, पण एचआरपीच्या जागी बीएसए (एन्झाइम नसलेलं साधं प्रथिन) घातलेला इलेक्ट्रोड शेजारी चालवा. बफरमध्ये सोडियम अझाइड नाही ना तेही बघा. बुरशी लागू नये म्हणून काही जण घालतात, आणि ते हीमच्या एन्झाइमला मारतं.

उकळून मारलेल्या एन्झाइमचा कंट्रोल बरेच जण घेतात. तो जरूर घ्या, पण त्याचा अर्थ जपून लावा, कारण प्रथिन उलगडलं तरी सुटलेलं हीम पेरॉक्साइडवर थोडंफार काम करतंच. मेडिएटरशिवाय, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत -0.35 व्होल्टच्या आसपास दिसणारी सुबक पीकची जोडी बऱ्याच पेपरांत ‘एन्झाइमचं थेट इलेक्ट्रॉन हस्तांतरण’ म्हणून मिरवते. ती हीममधल्या लोहाच्या फेरिक-फेरस जोडीची असते, आणि ते हीम शाबूत एन्झाइममधलंच आहे याची खात्री नुसत्या सीव्हीवरून देता येत नाही. एन्झाइमच्या खऱ्या कामात लोह ज्या उच्च अवस्थांतून जातं त्यांचं पोटेन्शियल याहून खूप धन बाजूला असतं. गाईडसमोर हा प्रश्न जरूर काढा. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी चांगल्या गाईडला हवाच असतो.

शेवटी खरा नमुना लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा दुधाचा असतो. दूध नासू नये म्हणून पेरॉक्साइड मिसळणं ही भेसळच आहे. इथे रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या पेरॉक्साइडपैकी सेन्सरला सापडलेला वाटा, कमी येते आणि दोष सेन्सरला दिला जातो. दुधात स्वतःचं लॅक्टोपेरॉक्सिडेज असतं, कच्च्या दुधात कॅटालेजही, आणि तुम्ही घातलेलं पेरॉक्साइड ती दोन्ही खात असतात. 72 अंशांच्या पाश्चरायझेशनमध्येही लॅक्टोपेरॉक्सिडेज बरंचसं टिकतं, त्यामुळे पिशवीचं दूध घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. पेरॉक्साइड घातल्यापासून रीडिंगपर्यंत किती वेळ गेला ते प्रत्येक वेळी वहीत लिहा, वेगवेगळ्या वेळांची रीडिंग घ्या आणि सोबत यूएचटी दुधाचा, म्हणजे अति उच्च तापमानाला तापवल्याने ही एन्झाइम निकामी झालेल्या दुधाचा, एक संच चालवा. यूएचटीत रिकव्हरी नीट आली आणि कच्च्या दुधात वेळेबरोबर घसरत गेली, तर तुमचा सेन्सर बरोबर सांगतोय. ती घसरण आलेखासकट प्रबंधात घाला, तळटीपेत ढकलू नका.