दोन आरशांचा कॅलिडोस्कोप: कोन जुळवायचा तो असा

शाळेच्या प्रदर्शनात दिसतो तो बहुतेक वेळा आरशाच्या तीन पट्ट्यांचा कॅलिडोस्कोप. त्यात नक्षी चहूकडे पसरत जाते आणि नजर कुठेच ठरत नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१६ मध्ये शोधलेला मूळ कॅलिडोस्कोप दोनच आरशांचा होता. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर एकच गोल फूल उमलतं. करायचा तर हाच करा.

आधी आरसा. इंटरनेटवर सर्रास सांगतात तसा चॉकलेटचा चंदेरी कागद किंवा जुनी सीडी घेऊ नका. त्यात स्वच्छ प्रतिमा मिळत नाही. घरातला नेहमीचा आरसाही इथे कामाचा नाही, कारण त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो. आरशाला पेन्सिलीचं टोक टेकवून पाहा, टोक आणि त्याची प्रतिमा यांच्यात फट दिसेल. शिवाय काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परत पाठवतो, म्हणून मुख्य प्रतिमेशेजारी एक फिकट प्रतिमा उमटते. एका परावर्तनात ती जाणवत नाही; चौथ्या परावर्तनापर्यंत सगळ्या कडा फिसकटलेल्या असतात.

आपल्याला हवा पुढच्या बाजूला मुलामा असलेला आरसा. तो झेरॉक्स मशीन आणि स्कॅनरमध्ये असतो, लांब अरुंद पट्ट्यांच्याच रूपात. मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे मोडीत निघालेल्या मशीनमधल्या पट्ट्या मागा. काचवाल्याकडून हिरकणीने २० ते २५ सेंमी लांबीचे दोन सारखे तुकडे करून घ्या. हिरकणी मागच्या, मुलामा नसलेल्या बाजूने फिरवायला सांगा. लांबी याहून कमी करू नका, इतक्या जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही, फडक्याने तर मुळीच पुसायचं नाही. धूळ फुंकणीने उडवा.

आता कोन. सगळ्यांचं घोडं अडतं ते इथेच, आणि मलाही सुरुवातीला याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलं. पुस्तकातलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ३६० ला कोनाने भागा, एक वजा करा, प्रतिमांची संख्या मिळते. ६० अंशांना ५, ४५ अंशांना ७. पण नक्षी जुळायला तेवढं पुरत नाही. ७२ अंश घ्या. भागाकार नीट ५ येतो, तरी मागच्या बाजूला दोन प्रतिमा एकमेकींशी जुळत नाहीत. शेजारच्या दोन पाकळ्या (आरशांमधला खरा भाग आणि त्याच्या प्रतिमा) नेहमी एकमेकींच्या उलट असतात, उजवीची डावी झालेल्या. अशा उलटसुलट पाकळ्यांनी वर्तुळ पुरं व्हायचं तर त्यांची संख्या समच हवी. म्हणून ६०, ४५, ३६, ३० असे कोन चालतात. माझं मत ४५ अंशांचं: आठ पाकळ्या होतात आणि मागच्या पाकळीपर्यंत उजेड बऱ्यापैकी टिकतो. ३० अंशांच्या मोहात पहिल्याच खेपेला पडू नका.

दोन्ही पट्ट्यांच्या चकचकीत बाजू आत ठेवून, टवके न उडालेल्या कडा एकमेकींना टेकवा आणि पाठीमागून चिकटपट्टी लावा, म्हणजे बिजागरी तयार होते. उघड्या बाजूला काळ्या कार्डशीटची पट्टी बसवायची. आरसे अडीच सेंमी रुंद असतील तर ४५ अंशांसाठी आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १९ मिमी येतं. हे अंतर अर्धा मिलिमीटर चुकलं तरी कोन सव्वा अंशाने चुकतो, आणि आठ पाकळ्यांत मिळून ती चूक दहा अंशांच्या घरात जाते. त्यामुळे कोनमापकावर आणि पट्टीवर इथे भरवसा ठेवू नका. आरशांनाच विचारा.

पांढऱ्या कागदावर एक ठळक सरळ रेघ काढा. आरशांची जोडी तिच्यावर उभी धरा, रेघ दोन्ही आरशांखाली जाईल पण मुद्दाम तिरकी, म्हणजे एका आरशाला जोडाजवळ आणि दुसऱ्याला लांब छेदेल अशी. रेघ दोन्हीकडे सारखीच छेदली तर नको तो कोनही बरोबर भासतो. वरून पाहा: चार टोकांची चांदणी दिसेल. आता समोरचं, जोडापलीकडचं टोक बघत डोकं डावी-उजवीकडे हलवा. कोन कमी असेल तर तिथे एक जादा फाक डोकावते, जास्त असेल तर टोक कापलं जातं, आणि डोक्याबरोबर ती चीर सरकते. डोकं हलवूनही चांदणी जागची हलली नाही की कोन बसला. काळी पट्टी काचकागदाने घासून किंवा कडेला कागदाचा पापुद्रा चिकटवून तिथपर्यंत या, मगच सगळं पक्कं करा.

पुढचं सोपं आहे. आरशांची जोडी नळीत घाला, हलणार नाही असा स्पंज भरा.

डोळ्याचं भोक नळीच्या मधोमध पाडू नका. ते आरशांच्या जोडालगत हवं, पाच-सहा मिमीचं. तिथून सगळ्या पाकळ्या जास्तीत जास्त सारख्या उजळ दिसतात. ब्रूस्टरनेही डोळा जोडाजवळच ठेवायला सांगितलं होतं, आणि वस्तू आरशांच्या टोकाला टेकलेल्या असाव्यात असंही. दुसरी अटही तितकीच कडक पाळा. मणी-तुकड्यांची डबी आणि आरसे यांच्यात चार-पाच मिमी जागा राहिली की पाकळ्यांचे सांधे उघडे पडतात.

डबीसाठी आत पारदर्शक पातळ चकती, बाहेर बटर पेपर, मध्ये बांगड्यांचे तुकडे आणि मणी. निम्मीच भरा. तुकड्यांना पडायला जागा हवी. सावकाश सरकणारी नक्षी हवी असेल तर झाकणाची घट्ट डबी घेऊन तीत ग्लिसरीन भरा. नळी उजेडाकडे धरा, सूर्याकडे कधीच नाही.